ग्रॅनाइटच्या शांत शिळा आणि एक ‘लोकेशन पिन’ : मौद्यापासून हम्पीपर्यंतचा धडा काय?

लॉस एंजेलिसमध्ये २०२८ साली होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये बोल्डरिंग या प्रकाराला पहिल्यांदाच स्वतंत्र पदक मिळणार आहे. टोकियोत क्लायंबिंगचे तीन प्रकार एकाच पदकात बांधले होते. पॅरिसमध्ये त्यातला स्पीड वेगळा झाला. आता बोल्डर, लीड आणि स्पीड अशी तीन वेगवेगळी पदके असतील. त्यामुळे शहरांतल्या कृत्रिम भिंतींवर सराव करणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढेल, आणि भिंतीवर हात बसलेल्यांना पुढे खऱ्या दगडाची ओढ लागेल, हे उघड आहे.

ही ओढ बहुतेकांना ग्रॅनाइटकडे नेते. माळरानावर विखुरलेले गोल, खरबरीत, घराएवढे धोंडे, आजूबाजूला कुणी नाही, वर मोकळे आकाश. अशा जागांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भराभर फिरतात आणि खाली पहिली कमेंट ठरलेली असते : ‘लोकेशन?’

या एका शब्दाच्या उत्तराने एखाद्या जागेचे काय होऊ शकते? महाराष्ट्रात असा दगड कुठे आहे? तो कुणाचा आहे? आणि तिथे जायचेच असेल, तर कसे जावे?

बोल्डरिंग म्हणजे नेमके काय?

सुळके किंवा कडे चढताना दोर, हार्नेस, खिळे असा सरंजाम लागतो. बोल्डरिंगमध्ये दोर नसतो. साधारण चार-पाच मीटर उंचीच्या शिळेवर थेट हातापायांनी चढायचे. पायांत घट्ट रबरी तळाचे बूट, घामाने हात सटकू नयेत म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड आणि खाली पडलो तर झेलायला जाड गादी, म्हणजे क्रॅश पॅड. एवढ्यावर काम भागते. शिळेवरच्या एका ठरावीक मार्गाला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. तीन-चार हालचालींचा एखादा प्रॉब्लेम सुटायला काही तास लागतात, कधी काही दिवसही.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या ‘गिरिविहार’ या संस्थेने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला. भारतातला तो पहिलाच. पुढच्या वर्षी तो पुन्हा तिथेच झाला. त्याआधी सीबीडी बेलापूरजवळच्या नैसर्गिक शिळांवर याच संस्थेच्या स्पर्धा होत असत.

ग्रॅनाइटच का? आणि महाराष्ट्रात तो आहे कुठे?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्टने, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाने झाकलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. सह्याद्रीचे कडे, किल्ले, लेणी हे सगळे याच दगडातले. प्रस्तरारोहकांनी त्यावर मोठा इतिहास घडवला, पण या दगडाच्या खोडीही त्यांना ठाऊक आहेत. थरांच्या मधला भाग ठिसूळ असतो, पकडलेला दगड कधी कधी हातातच येतो आणि पायाखाली घसारा असतो.

ग्रॅनाइटचा जन्म वेगळा आहे. तो जमिनीच्या पोटात खोलवर, अतिशय सावकाश थंड होतो. म्हणून त्याचे स्फटिक मोठे होतात आणि पृष्ठभाग खरबरीत राहतो. बुटाचे रबर त्यावर चांगले धरते. जमिनीखाली असतानाच त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात, त्यांतून पाणी झिरपते आणि चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात. पुढे वरची माती वाहून गेली की गोल धोंड्यांचे ढीग उघडे पडतात. कुणी राक्षसाने गोट्या खेळून टाकून दिल्यासारखे दिसणारे हे धोंडे कुठून गडगडत आलेले नसतात. बहुतेक जिथल्या तिथेच घडलेले असतात.

बेसॉल्ट आणि या जुन्या दगडांची शिव नागपूर शहरातून जाते. १८१७ ची लढाई जिथे झाली ती सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची आहे. शहराच्या पूर्वेकडे निघाले की बेसॉल्ट संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुना नीस लागतो. ग्रॅनाइटच्या कुळातला, पण प्रचंड दाबाखाली पट्टे पडलेला हा दगड आहे. भंडारा मार्गावर, नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेले मौदा या शिवेच्या पलीकडे येते. एनटीपीसीच्या २,३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ते राज्याला माहीत आहे. गावाजवळ कन्हान नदीच्या गाळाची जमीन आहे, धानाची शेती आहे. धोंड्यांचे डोंगर तिथे दिसत नाहीत. पण त्या गाळाखालचा पाया बदललेला असतो. मौद्याहून पूर्वेला भंडारा, गोंदिया आणि दक्षिणेला गडचिरोली, अशी नीस आणि ग्रॅनाइटची भूमी पसरत जाते. राज्याच्या दुसऱ्या टोकाला नांदेडच्या देगलूर-बिलोली भागातही ग्रॅनाइट आहे.

म्हणजे महाराष्ट्राचा ग्रॅनाइट राज्याच्या कडेला आहे. मुंबई-पुण्याच्या चढाईपटूला गोंदियापेक्षा हम्पी जवळ पडते, म्हणून तो तिकडे जातो. पूर्व विदर्भ या खेळाच्या प्रसिद्ध ठिकाणांत मोडत नाही. त्यामुळेच हम्पीत काय घडले ते इथल्या लोकांनी आधीच समजून घेणे फायद्याचे आहे.

हम्पीत काय झाले?

हम्पी आणि तुंगभद्रेपलीकडचे आनेगुंदी, सणापूर हा परिसर भारतातल्या बोल्डरिंगची राजधानी मानला जातो. इथला ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. अमेरिकी चढाईपटू क्रिस शर्मा याच्या हम्पीतल्या चढाईवरचा ‘पिलग्रिमेज’ हा चित्रपट २००३ मध्ये आला आणि जगभरचे लोक गाद्या पाठीला लावून इथे येऊ लागले.

त्यांची राहण्याची सोय मुख्यतः नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डी भागात झाली. भाताच्या खाचरांच्या कडेने गेस्ट हाउस, खाणावळी, भाड्याच्या दुचाकी असा सगळा बाजार उभा राहिला. हम्पी १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे, त्याच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि हा भाग संरक्षित क्षेत्रात येतो. बांधकामे मात्र वाढत राहिली. प्रकरण न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे चालले. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बांधकामे बेकायदा ठरवणारा निर्णय कायम ठेवला आणि मार्चमध्ये ती पाडण्यात आली. धोंडे जागेवरच राहिले. पण त्यांच्या भरवशावर कर्ज काढून खोल्या बांधलेल्या कुटुंबांचा धंदा एका झटक्यात गेला.

दुसरा धक्का याहून भयंकर होता. ६ मार्च २०२५ च्या रात्री सणापूरजवळ कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला. एक परदेशी पर्यटक महिला आणि होमस्टे चालवणारी स्थानिक महिला यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. कालव्यात ढकललेल्या तीन पुरुष पर्यटकांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्यानंतर पर्यटकांना निर्जन जागी नेण्याबाबत कर्नाटकात होमस्टे आणि रिसॉर्टसाठीचे नियम कडक करण्यात आले.

दोन्ही घटनांची जात वेगळी आहे, पण त्यांच्यामागे एक सारखी गोष्ट दिसते. प्रसिद्धी आधी आली आणि व्यवस्था मागून आली. मागून आलेली व्यवस्था बहुधा बुलडोझर किंवा बंदी या रूपातच येते. तिची किंमत पाहुण्यापेक्षा गावाला जास्त मोजावी लागते.

व्यवस्था आधी केली तर? टेक्सासचे उदाहरण

अमेरिकेत टेक्सास राज्यात, एल पासो शहराजवळच्या उंच वाळवंटात ‘ह्युको टँक्स’ नावाचे ठिकाण आहे. दगड ग्रॅनाइटच्याच नात्यातला, सायनाइट. बोल्डरिंगची काठिण्यपातळी मोजण्याची ‘व्ही’ श्रेणी जगाला इथूनच मिळाली. पण याच दगडांवर आदिवासींनी काढलेली प्राचीन चित्रे आहेत, त्यांतले मुखवटे खास प्रसिद्ध आहेत. अनेक आदिवासी समूह ही जागा आजही पवित्र मानतात.

१९९० च्या दशकात गर्दी वाढली, चित्रांना धोका दिसू लागला. १९९८ पासून तिथे कडक नियम आले. उत्तरेकडच्या डोंगरावर एका वेळी फक्त ७० जणांना स्वतःहून फिरता येते. बाकी भागात वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. आत जाण्याआधी जागेची ओळख करून देणारी चित्रफीत पाहावी लागते. चित्रे असलेल्या काही शिळा चढाईला कायमच्या बंद आहेत. चढाईपटूंनी सुरुवातीला नाराजी दाखवली, पण चढाई थांबली नाही. चित्रे राहिली, खेळ राहिला आणि शांतताही बरीचशी राहिली.

भारतातले उंच वाळवंट म्हणजे लडाख. कारगिलकडच्या सुरू खोऱ्यातल्या धोंड्यांकडे आता देशभरचे चढाईपटू जातात. तिथला प्रश्न आणखी नाजूक आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. थंड, कोरड्या हवेत मानवी मैलासुद्धा लवकर कुजत नाही. टाकलेली वस्तू वर्षानुवर्षे तशीच राहते. शंभर माणसांचा वावर विदर्भातल्या जंगलात एका पावसाळ्यात पुसला जाईल. तिथे तो पुसला जात नाही.

शांत म्हणजे मोकळी नव्हे

‘इथे कुणीच नाही’ हे वाक्य बाहेरून आलेल्या माणसाचे असते. विदर्भातला दगड कधीच बेवारस नव्हता.

नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणी इथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. न कळणाऱ्याला ती रानात पडलेली गोट्यांची रांगोळी वाटते. प्रत्यक्षात ती महापाषाण काळातल्या माणसांची दफनस्थळे आहेत आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. त्यातला एक दगड बसायला म्हणून सरकवला, तरी अडीच-तीन हजार वर्षांची नोंद बिघडते.

गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड बांधव येतात. कोया पुनेमचे हे श्रद्धास्थान आहे. दक्षिणेला गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर माडिया आदिवासींसाठी ठाकुरदेवाचे ठिकाण आहे, आणि त्याच डोंगरावर आज लोहखनिजाची मोठी खाण चालते. देवाचा डोंगर आणि खनिजाचा डोंगर एकच असतो तेव्हा काय होते, याचे हे राज्यातले सर्वात ठळक उदाहरण.

धोंड्यांच्या कपारीत आणखीही रहिवासी असतात. अस्वलाला अशीच जागा लागते. हम्पीजवळ दरोजी इथे १९९४ साली खास अस्वलांसाठी अभयारण्य जाहीर झाले, ते याच शिळांमुळे. पूर्व विदर्भात मोहफुलांच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला गेलेल्यांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. उंच कपारीला आग्या मोहोळ असते. धूर, अत्तराचा वास किंवा ड्रोनची घरघर त्याला उठवायला पुरेशी असते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गोंदिया-गडचिरोलीच्या डोंगरांतली शांतता काही अंशी भीतीची होती. नक्षलवाद आणि त्याविरुद्धची मोहीम यांच्या कात्रीत ही गावे दशकानुदशके अडकली. पाहुणे फिरकत नसत. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली, त्याआधी मोठ्या संख्येने शरणागती झाल्या. भीती ओसरली की रस्ते येतात, रस्त्यामागून पर्यटक येतात आणि खाणपट्ट्यांचे अर्जही येतात. त्यामुळे या भागातल्या दगडांचे भवितव्य ठरण्याचा काळ हाच आहे.

दगडाचा खरा स्पर्धक कोण?

चढाईपटू दगडाला पूड फासतो. खाणवाला दगडच नेतो. ग्रॅनाइट हे गौण खनिज आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून रस्त्याच्या गिट्टीपर्यंत त्याला मागणी आहे. राज्यात गौण खनिज उत्खननासाठी २०१३ चे नियम आहेत, ग्रॅनाइटसाठी केंद्राचे १९९९ चे वेगळे नियम आहेत. परवान्याने काढलेला दगडही परत येत नाही. नागपुरात गिट्टीखदान नावाची वस्ती आहे. आज तिथे खदान शोधायला गेले तर घरे, दुकाने आणि रहदारी सापडते. दगड गेला, नाव उरले.

हैदराबादच्या धोंड्यांचे असेच होत होते. तेव्हा १९९६ मध्ये ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली. लोकांना शिळांमध्ये फिरायला नेणे हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. पाहिलेल्या दगडाबद्दल माणूस बोलतो, न पाहिलेल्याबद्दल बोलत नाही, हे साधे गणित त्यामागे होते. काही शिळासमूहांना वारसा नियमांत जागाही मिळाली.

म्हणून ‘जागा कुणाला सांगूच नका’ हा सल्ला पुरेसा नाही. ज्या डोंगराला कुणी ओळखत नाही, त्याच्या लिलावाच्या दिवशी हरकत घ्यायलाही कुणी येत नाही.

परवानगी कुणाची घ्यायची?

हे जमिनीच्या प्रकारावर अवलंबून आहे.

• अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा नवेगाव-नागझिरासारखा व्याघ्र प्रकल्प असेल, तर वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो.

• संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व विभागाचे नियम लागतात. तिथे चढाईचा विचारच करू नये.

• खासगी शेत असेल, तर मालकाला विचारावे. धोंडा पडीक दिसला तरी भोवतीचे धान कुणाच्या तरी वर्षाची कमाई असते.

• सामूहिक वनहक्क मिळालेले जंगल असेल, तर ग्रामसभा महत्त्वाची. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा, त्यांना बाधा आणणारे काम थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला. शिवाय अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस घेणे पेसा कायद्याने बंधनकारक आहे.

ह्युको टँक्समध्ये जे काम सरकारी उद्यान करते, ते इथे ग्रामसभा करू शकते. किती माणसे यावीत, कोणत्या शिळा बंद, वाटाड्या कोण, शुल्क किती, हे गावाने ठरवायचे. कायद्याचा आधार आहे, पाहुणे येण्याआधी ठराव करण्याची घाई मात्र हवी.

जाणाऱ्यांनी काय पाळावे?

विदर्भातला हंगाम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दगडाला हात लावणे शक्य नसते. पावसाळ्यात शिळांवर शेवाळ येते आणि भिजलेल्या दगडाचा पापुद्रा सुटू शकतो.

एकट्याने जाऊ नये. दोर नसल्यामुळे इथे प्रत्येक पडणे जमिनीवरच संपते. घोटा आणि मनगट यांच्या दुखापती सर्वाधिक. खाली आधार द्यायला जोडीदार हवा, उतरायची वाट चढण्याआधी पाहून ठेवायला हवी आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे हे आधीच माहीत हवे. गावात कुणाला तरी आपण कुठे आहोत आणि कधी परतणार ते सांगून जावे. अंधार पडायच्या आत बाहेर पडावे. अस्वलाच्या भागात तर पहाटे आणि संध्याकाळी कपारींत डोकावूच नये.

शेंदूर फासलेल्या, झेंडा लावलेल्या किंवा चित्रे-कोरीव खुणा असलेल्या शिळेवर चढू नये. दगडाला छिन्नी लावून पकड तयार करू नये. पुडीचे पांढरे डाग ब्रशने पुसून निघावे. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा.

मग लोकेशन टाकायचे की नाही?

याला सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर नाही, पण क्रम ठरवता येतो. आधी गाव, मग पोस्ट. जिथे वाटाड्या आहे, पार्किंग ठरलेले आहे, कचऱ्याची सोय आहे आणि गावाला येणाऱ्यांकडून दोन पैसे मिळतात, तिथले ठिकाण सांगितल्याने गावाचा फायदा होतो. यातले काहीच नसेल तर फोटो टाकावा, जिल्ह्याचे नाव टाकावे, पण थेट शिळेपर्यंत नेणारी पिन टाकू नये. विचारणाऱ्याला गावातल्या माणसाकडे पाठवावे.

हम्पीत पिन आधी पडली, नियम नंतर आले आणि गावकऱ्यांची घरे पडली. ह्युको टँक्सने नियम केले आणि आज तीस वर्षे होत आली तरी तिथे चढाई सुरू आहे. मौद्याच्या पलीकडच्या दगडांबाबत अजून यातले काहीच घडलेले नाही. २५० कोटी वर्षांच्या दगडाला घाई नाही. घाई ऑलिम्पिकच्या पदकांना आहे, रस्त्यांना आहे, गिट्टीच्या ट्रकना आहे. त्यांच्याआधी ग्रामसभेची बैठक झाली, तर ‘लोकेशन?’ या कमेंटला गावच उत्तर देऊ शकेल.